फेरी संपेपर्यंत

८ फेब्रुवारी

पंचसाहेबांना नमस्कार.

आपली ओळख नाही. पत्ते विकणाऱ्या दुकानदाराकडून तुमचा पत्ता मिळवला. असले विनोद मी करतो आणि माझी मुलगी कपाळावर हात मारून घ्यायची. तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण लहानपणी ती एका जागी ठरायची नाही.

मी चष्म्याच्या काचा घासतो. एकतीस वर्षं तेच काम. गेल्या अकरा डिसेंबरला भिंगरी गेली. ताप डोक्यात गेला, चार दिवसांत सगळं आटोपलं. वीस पूर्ण होऊन दोन महिने झाले होते.

परवा तिचं टेबल आवरताना पत्त्यांची गड्डी सापडली. सगळे पत्ते रबर लावून ठेवलेले, पण दोन वेगळे, पारदर्शक पाकिटात घातलेले. ते बघून आठवलं. मागच्याच्या मागच्या वर्षी, सहा ऑक्टोबरच्या रविवारी, त्या मोठ्या हॉलमध्ये स्पर्धा होती. तिच्या सामन्यात वाद झाला आणि तुम्ही निकाल दिलात. मी मागे भिंतीपाशी घडीच्या खुर्चीवर बसलो होतो. मला लांबून एवढंच दिसलं, की ती काहीतरी सांगतेय आणि तुम्ही मान हलवताय.

पत्त्यांवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवतो. पहिला, पाकोळी: "फेरीच्या शेवटी ही उडून जाते आणि समोरच्याचा एक गुण कमी होतो." दुसरा, दिवा: "ही फेरी संपेपर्यंत, तुझी पाकोळी उडून गेली की ती परत टेबलावर आण."

मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण तिचं नेमकं काय चुकलं, ते मला समजून घ्यायचं आहे. त्या दिवशी बसमध्ये ती मला ते समजावू बघत होती आणि मी म्हटलं, "पंच कशाला चुकेल? तूच घाईत वाचलं असशील." मग तिने तो विषय बंद केला. आता कोणाला विचारू? वेळ झाला तर दोन ओळी लिहा.

भिंगरीचे पप्पा


२० फेब्रुवारी

प्रिय काका,

पत्र वाचून फार वाईट वाटलं. काय लिहावं सुचत नाही. मी पोटासाठी लिफ्ट दुरुस्त करतो, पंचाचं काम फक्त रविवारचं. वर्षाला शेकडो सामने बघतो, त्यामुळे तो सामना मला नीटसा आठवत नाही. पण पत्त्यांवरून सांगू शकतो.

तुमच्या मुलीने जे रचलं होतं त्याला खेळाडू इन्फिनिट कॉम्बो म्हणतात. न थांबणारी साखळी. फेरीचा शेवट आला की पाकोळी उडते, समोरच्याचा एक गुण जातो. दिवा तिला परत आणतो. पण फेरीचा शेवट अजून चालूच आहे, म्हणून ती पुन्हा उडते. पुन्हा एक गुण. पुन्हा दिवा. समोरच्याचे वीस असोत की वीस हजार, सगळे संपतात.

आता मेख अशी. एका पत्त्यावर "फेरीच्या शेवटी" आहे, दुसऱ्यावर "फेरी संपेपर्यंत". तुम्हाआम्हाला दोन्ही एकच वाटतं. पण खेळात आधी काय आणि मग काय, हे ठरवावं लागतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे, शेवट आला की आधी दिवा विझायचा आणि मग पाकोळी उडायची. विझलेला दिवा तिला परत आणणार कसा? म्हणून साखळी एकदाच चालून तुटायची.

तिची कल्पना फार सुरेख होती. चूक म्हणावी अशी ती नव्हतीच. मनाला लावून घेऊ नका.

तुमचा,
पंच


१५ मार्च

पंचसाहेब,

तुमचे उपकार कसे मानू? इतकं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. तिने सांगितलं असणार, पण मी ऐकलं नसणार.

दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं. मी काचांच्या ट्रेशेजारी दोन पत्ते मांडले आणि तुम्ही सांगितलं तसं करून पाहिलं. समोरच्याचे गुण म्हणून जुन्या फ्रेमचे स्क्रू ठेवले. मालक म्हणाला, काय चाललंय? मी म्हटलं, शिकतोय.

मग हौस वाढली, म्हणून नियमांचं पुस्तक विकत आणलं. अक्षर मुंगीएवढं. भिंग लावून रोज दोन पानं वाचतो. हिला, म्हणजे भिंगरीच्या आईला, ते आवडत नाही. ती दवाखान्यात चादरी-उशांच्या खोलीत कामाला आहे, दमून येते आणि मला पुस्तकात डोकं घातलेलं बघून आत निघून जाते.

एक शंका आहे. तुम्ही लिहिलंय, आधी दिवा विझतो. पुस्तकात पान चौऱ्याण्णववर उलटं दिसतं. "फेरीच्या शेवटी जे घडायचं ते सगळं आधी घडेल. त्यातून नवं काही घडण्यासारखं झालं तर तेही घडेल. काहीच उरलं नाही, की मग फेरी संपेपर्यंतचे परिणाम जातील." म्हणजे दिवा सगळ्यात शेवटी. असं केलं तर माझे सगळे स्क्रू संपतात. तीनदा करून पाहिलं.

खाली बारीक अक्षरात आहे, "सुधारित नियम, एक ऑक्टोबरपासून लागू." वर्षही तेच. आपला सामना सहाचा. तिचं प्रवेशपत्र माझ्यासमोरच आहे.

माझंच वाचण्यात चुकत असेल. कदाचित हा बदल दुसऱ्या कुठल्या प्रकारच्या सामन्याला असेल. त्या पत्तेवाल्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, ते पंचांनाच विचारा. सवडीने सांगा, घाई नाही.

भिंगरीचे पप्पा


२ मे

काका,

उत्तराला सात आठवडे लावले. या काळात चार पत्रं लिहून फाडली.

तुमचं वाचण्यात काहीही चुकलेलं नाही. चूक माझी होती. तिची साखळी चालत होती.

आणि मला तो सामना आठवत नाही, हे मी खोटं लिहिलं होतं. मला सगळं आठवतं. टेबल अकरा. समोर टोपी घातलेला एक माणूस, त्याचे सतरा गुण. तिचा एकच उरलेला. त्या फेरीत जमलं नाही तर ती हरणार होती. तिने दिवा लावला, पाकोळी ठेवली आणि हात वर केला. मी गेलो. सकाळपासून जेवलो नव्हतो आणि तीन टेबलांवरून मला हाका चालू होत्या. मी पत्ते बघितले आणि म्हटलं, आधी दिवा विझतो. ती म्हणाली, "सर, एक तारखेपासून बदललंय. पुस्तक उघडून बघता का?" मी म्हटलं, "पुस्तक मला पाठ आहे, ताई." आजूबाजूची पोरं हसली. खरं सांगायचं तर ती हसावीत म्हणूनच मी तसं बोललो.

तिने पुन्हा विचारलं नाही. समोरच्याशी हात मिळवला आणि पत्ते गोळा केले. माझ्या निर्णयावर दाद मागायला तिथे दुसरं कोणी नव्हतं, कारण मुख्य पंच मीच होतो.

बदललेल्या नियमांचं पाकीट मला आठवडाभर आधी आलं होतं. हत्यारांच्या पिशवीत न फोडता पडलं होतं. सामन्यानंतर दोन दिवसांनी एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनजवळ बसून डबा खाताना मी ते फोडलं. पहिल्याच पानावर होतं. घास तसाच हातात राहिला.

त्याच दिवशी स्पर्धेच्या समितीला कळवायला हवं होतं. तक्रारीला दहा दिवसांची मुदत असते. मी मनाशी म्हटलं, तिने तक्रार केली तर लगेच कबूल करू. दहा दिवस गेले. तक्रार आली नाही. मग म्हटलं, खेळच तर आहे, ती विसरली असेल. पुढच्या स्पर्धांना मी तिला शोधायचो. ती कधी दिसली नाही.

आता समितीला सगळं लिहून दिलं आहे, त्याची आणि त्यांच्या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे. त्यांनी नोंद घेतली. इतक्या जुन्या सामन्याचा निकाल बदलता येत नाही म्हणतात. पंचाचं ओळखपत्र मी परत केलं.

तुम्ही इतक्या विश्वासाने विचारलंत आणि मी तुम्हाला "तेव्हाच्या नियमाप्रमाणे" म्हणून गुंडाळलं. माफी मागायलाही तोंड नाही.

(आता पंच नाही, म्हणून खाली काय लिहावं कळत नाही.)


१४ मे

तुमचं पत्र मिळालं. समितीच्या कागदाची प्रतही मिळाली.

दोन दिवस मला तुमचा राग आला. दुकानात दोनदा हातातली काच सुटली. तिसऱ्या दिवशी राग तुमच्यावर ठरेना. तुम्ही माझ्या मुलीला पाच मिनिटं ओळखत होता. मी एकोणीस वर्षं ओळखत होतो.

लहानपणापासून ती खोटं बोलली तर कान लाल व्हायचे. बसमध्ये ती माझ्या शेजारीच बसली होती. मी तिच्या कानांकडे एकदा बघितलं असतं तरी पुरलं असतं. पण मला पुढच्या थांब्यावर उतरून भाजी घ्यायची होती. ती म्हणाली, "पप्पा, एकदा तरी माझ्या बाजूने बोला ना." मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." मला तर नियम ठाऊकही नव्हता.

त्यानंतर घरात त्या खेळाचं नाव निघालं नाही. मला वाटलं, बरं झालं, अभ्यासाला लागली.

तुम्ही लपवलंत ते वाईट केलंत. कबूल केलंत ते बरं केलंत. यापुढे पत्र लिहू नका. मला उत्तर द्यायचं बळ नाही.

भिंगरीचे पप्पा


९ जून

भाऊ,

मी भिंगरीची आई. यांना न सांगता लिहिते आहे. तुमचा पत्ता यांच्या खिशातल्या पाकिटावरून घेतला.

तुमचं पत्र आल्यापासून हे घरात असून नसल्यासारखे आहेत. जेवायला बसतात आणि ताट तसंच ठेवून उठतात. परवा एका म्हाताऱ्या बाईंच्या चष्म्याची गोल काच आडवीची उभी फिरवून बसवली, नंबरच चुकला. बाई घरी जाताना पायरीवरून पडता पडता वाचल्या. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मालक घरी येऊन सांगून गेला, काही दिवस सुट्टी घ्या. तेव्हापासून हे खिडकीजवळ बसून असतात. मी एकटाच तिच्यावर अविश्वास दाखवणारा, असं पुटपुटतात.

ते एकटे नव्हते. ते मला माहीत आहे आणि मी सांगत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. कोणाला तरी सांगायला हवं.

स्पर्धेनंतर तीन दिवसांनी भिंगरीने तक्रार लिहिली होती. तिने पुस्तकात बघून खात्री केली होती. नऊ ऑक्टोबरला सकाळी ती कागद घेऊन स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "आई, वाच आणि सांग, भाषा बरोबर आहे का." मी डबे भरत होते. माझी बस चुकत होती. पंधरा दिवसांवर तिची परीक्षा. मी न वाचताच कागद तिच्याकडे सरकवला आणि म्हटलं, "आता बस झालं हे पत्त्यांचं खूळ. पप्पा म्हणाले ना, पंच चुकत नसतो." तिने कागदाची घडी घातली. रागावली नाही, रडली नाही. मला म्हणाली, "तुझी बस जाईल."

डिसेंबरमध्ये ती गेल्यावर तो कागद मला तिच्या वहीत सापडला. तेव्हा वाचला. मी तो चादरींच्या घडीत ठेवला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी मोजते आणि घरी आले की स्वतःच्या चादरीला हात लावायची भीती वाटते.

त्या आठवड्यात तिला तू बरोबर आहेस असं म्हणणारं तुमच्यात कोणी नव्हतं आणि आमच्या घरातही नव्हतं.

एक मागते. यांना लिहा, की नंतर कधीतरी ती तुम्हाला भेटली होती. हसून म्हणाली होती, की मी ते कधीच विसरले. एवढं एक खोटं लिहा. तुम्हाला ते जमेल असं वाटलं. टोमणा मारत नाही, भाऊ. खरंच मागते आहे.

भिंगरीची आई


१८ जून

ताई,

तुम्ही मागितलं ते मी लिहायला बसलो होतो. पहिली ओळ लिहिलीही. अगदी सहज लिहिली गेली, त्याचीच भीती वाटली.

काका भिंग लावून वाचतात. ती मला कुठे भेटली, कोणत्या तारखेला, काय म्हणाली, हे सगळं ते तपासतील. मागेही तपासलंच. आणि पकडलं गेलो नाही तरी, ती विसरली असं मी कोणत्या तोंडाने लिहू? ती विसरली नव्हती. तुमच्याकडे तिच्या हातचा कागद आहे.

तुमच्या घरातलं मी ठरवू शकत नाही. पण काका सगळं आपल्या एकट्याच्या डोक्यावर घेऊन बसलेत आणि तुम्ही शेजारच्या खोलीत तेच घेऊन बसला आहात. कागद त्यांना द्या. त्यांना त्रास होईल. तुमच्यावर रागावतीलही. पण तिने काय लिहिलंय ते वाचायचा हक्क त्यांचा आहे, माझ्या कुठल्याही पत्राआधी.

तुम्ही दिला नाहीत तर मी गप्प राहीन. स्वतःहून काही कळवणार नाही. फक्त खोटं लिहिणार नाही.

काकांनी मला पत्र लिहू नका म्हटलं आहे. तुम्हाला लिहिलं, ते चालेल असं समजतो.


५ जुलै

पंचसाहेब,

तुम्ही ओळखपत्र परत केलंत हे माहीत आहे. तरी दुसरं काय म्हणू?

मागच्या रविवारी दुपारी हिने कपाट उघडलं, चादरी पलंगावर काढल्या आणि एक कागद माझ्या हातात दिला. तुम्हाला लिहिलेलं, तुम्ही उत्तरात लिहिलेलं, सगळं सांगितलं. मग भिंतीला टेकून उभी राहिली. मी काय बोलतो याची वाट बघत होती.

आधी मला वाटलं, ओरडावं. सहा महिने हा कागद चादरींत? मग तिच्याकडे बघितलं. ती अजून दवाखान्याच्या साडीतच होती, सुट्टी असूनही. सकाळी काय नेसतोय याचं भान नसणार. मी म्हटलं, "बस. आपण दोघं मिळून वाचू." पहिल्यांदा मी मोठ्याने वाचलं, मध्ये थांबलो, पुढचं तिने वाचलं. मग आम्ही दोघंही रडलो. भिंगरी गेल्यापासून एका खोलीत बसून रडलो नव्हतो. ही स्वयंपाकघरात रडायची आणि मी दुकानात, काचा घासायच्या यंत्राच्या आवाजात.

नंतर तिने भात टाकला. मी जेवलो. सोमवारपासून दुकानात जातोय. मालक माझ्या प्रत्येक काचेवर नजर ठेवतो आणि मी ठेवू देतो. बरं झालो असं समजू नका. मी जेवतो, एवढंच.

भिंगरीचा कागद खाली उतरवून देतो. मूळ कागद आमच्याजवळच राहील.

"स्पर्धा समितीस,

रविवारी टेबल अकरावर माझ्या सामन्यात पंचांनी जुना नियम लावला. नवा नियम एक तारखेपासून लागू आहे (पान चौऱ्याण्णव). त्याप्रमाणे दिवा सगळ्यात शेवटी विझतो आणि माझी साखळी चालते. मी पुस्तक उघडायला सांगितलं होतं, पण त्यांनी उघडलं नाही आणि सगळ्यांसमोर माझं हसं केलं. त्याचा मला राग आहे आणि तो इतक्यात जाईल असं वाटत नाही.

मला सामना परत खेळायचा नाही. जे जिंकले ते माझ्याशी नीट वागले, त्यांचं बक्षीस काढून घेऊ नका. माझी साखळी चालत होती, एवढंच तुमच्या कागदावर सहीनिशी लिहून द्या. घरी दाखवायचं आहे."

घरी दाखवायचं आहे म्हणजे मला, पंचसाहेब.

तिने एकच गोष्ट मागितली होती. समितीच्या पत्रात नोंद घेतली असं आहे, पण साखळी चालत होती असं कुठेच नाही. तुम्ही लिहून द्याल का? मला नको. तिच्या नावाने द्या.

भिंगरीचे पप्पा


१२ जुलै

टेबल अकराच्या खेळाडूस,

तू सहा ऑक्टोबरला हात वर करून निर्णय मागितला होतास. तो आज देतो आहे. पुस्तक उघडून, पान चौऱ्याण्णव समोर ठेवून.

समोरच्याचे गुण सतरा. तुझा एक. तुझ्या बाजूला पाकोळी आहे आणि दिवा लागलेला आहे. फेरीचा शेवट आला. पाकोळी उडते, सोळा उरतात. दिवा अजून लागलेला आहे, म्हणून पाकोळी परत येते. शेवट अजून चालू आहे, म्हणून ती पुन्हा उडते. पंधरा. मी टेबलावर पत्ते मांडून एकेक गुण कमी करत शून्यापर्यंत गेलो. एकदाही अडलं नाही. दिवा शेवटपर्यंत विझला नाही.

निर्णय: तुझी साखळी चालते. डाव तू जिंकलीस. त्या दिवशी दिलेला निर्णय चुकीचा होता आणि ती चूक तुझी नव्हती. तू मला ते वेळेवर आणि नीट शब्दांत सांगितलं होतंस.

तुझा राग जायला हवा असं मी म्हणणार नाही.

खाली सही केली आहे. हा कागद घरी दाखवण्यासाठी दिला आहे.

त्या दिवशीचा मुख्य पंच